नव्या फरशीची तराई

अड्याळ आणि आसपासच्या खेड्यांत चंद्रकुमार गभणे यांना चुकूनही कोणी विनम्र म्हणणार नाही. ते स्वतःही म्हणणार नाहीत, कारण खोटं बोलायची आपल्याला सवय नाही असं त्यांचंच म्हणणं आहे. भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं गॅरेज आहे. पाटीवर नुसतं ‘ट्रॅक्टर, थ्रेशर, मोटरपंप’ एवढंच लिहिलेलं, मालकाचं नाव नाही. ज्याला हे गॅरेज कोणाचं ते माहीत नाही त्याचा ट्रॅक्टर या भागात बिघडूच नये, असा त्यामागचा विचार. इंजिनाचा आवाज रस्त्यावरून ऐकून ते रोग सांगतात आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. निघाला नाही, तर त्या दिवशी इंजिनच खोटं बोललेलं असतं.

घर धानवाल्यांचं. वडिलांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, तलावाच्या खालच्या अंगाला. पोरगा मात्र धानाच्या रोवणीच्या दिवसांतसुद्धा चिखलात उभं राहण्याऐवजी शेजाऱ्याच्या डिझेल पंपापाशी उभा असायचा. एकदा शेजारी बाजाराला गेलेला पाहून त्याने तो पंप अख्खा खोलला आणि परत जोडला. दोन नट हातात उरले, तरी पंप चालला. त्यावरून चंद्रकुमार यांनी असा निष्कर्ष काढला की कंपनीने दोन नट जास्तीचे लावले होते, आणि हा निष्कर्ष त्यांनी आजतागायत बदललेला नाही. पुढे चिखल्याच्या खाणीवर जाऊन मँगनीज वाहणाऱ्या ट्रकांच्या खाली काही वर्षं काढली. तिथून हात तयार करून आले आणि वाट्याला आलेल्या बांधीच्या तुकड्यावर भर टाकून गॅरेज बांधलं. मागच्या अंगाला घर बांधलं आणि लाखांदूरकडच्या ललिताबाई त्या घरात आल्या. पुढे गुड्डी झाली, शिकली, नर्स होऊन नागपूरला गेली. बहिणीचा मुलगा कुंदन मदतीला आला आणि हाताखालचा न राहता चांगला मिस्त्री झाला. सगळं कसं छान चाललं होतं.

गॅरेज बांधताना चंद्रकुमार यांनी एक हौस केली होती. गवंड्याला सांगितलं होतं, फरशी अशी घोटायची की वाकून पाहिलं तर आपला चेहरा दिसला पाहिजे. गवंड्याने सिमेंटचं पाणी फिरवून फिरवून तशी घोटून दिली. पहिले काही दिवस गिऱ्हाइकं चपला बाहेर काढून आत यायची. मग डिझेल सांडलं, गिरीस सांडलं, जॅकचे पाय रुतून खपल्या निघाल्या. फरशीने वर्षानुवर्षं तेल पिऊन घेतलं आणि ती काळी पडली. चेहरा दिसायचा बंद झाला, गुळगुळीतपणा मात्र राहिला.

मागच्या श्रावणात पावसाचं पाणी शटरखालून आत आलं, सांडलेल्या डिझेलवर पसरलं आणि त्यावर चंद्रकुमार यांचा पाय पडला. हातात गिअरबॉक्सचं झाकण होतं. झाकण वाचवायच्या नादात खुबा मोडला. झाकणाला ओरखडाही आला नाही, हे ते आजही सांगतात.

भंडाऱ्यात ऑपरेशन झालं. खुब्यात पट्टी आणि स्क्रू बसले, हातात काठी आली. ललिताबाई तशा कमी बोलणाऱ्या. गावात असं म्हणतात की त्या घरातलं सगळं बोलणं चंद्रकुमार यांनीच उचललेलं आहे. पण दवाखान्यातून घरी आल्यावर त्या एकदा बोलल्या आणि तेवढ्यात सगळं बोलल्या.

“आता गॅरेजच्या आत पाय नाही ठेवाचा,” त्या म्हणाल्या. “दारात बसा, कुंदनले सांगा काय सांगाचं ते. आनखी एकदा पडले तं मी शटर खाली ओढीन, आन मंग ते वर होऊ देनार नाही.”

त्या दिवसापासून चंद्रकुमार दारात बसू लागले. ललिताबाईंनीही गॅरेजचं नाव टाकलं. जेवायला हाक मारायची तरी त्या मागच्या अंगणातूनच मारत. नवराबायकोत धानाचं, गुड्डीचं, दुधाचं, पाहुण्यारावळ्यांचं बोलणं होई, गॅरेजचा विषय मात्र कोणी काढत नसे.

दारात बसून गॅरेज चालतं का? चालतं, पण जसं रस्त्यावरून हाक मारून कोणी स्वयंपाक सांगावा तसं. कुंदन हुशार होता, तरी काही गोष्टी तोंडाने सांगून येतच नाहीत. क्लचप्लेट बसताना मनगटाला जो एक झटका द्यायचा असतो त्याला नाव नाही, तो हातानेच दाखवावा लागतो. चंद्रकुमार दारातून ओरडत, कुंदन आतून “हो मामा” म्हणे आणि चुकीचंच करी. गिऱ्हाइकंही हळूहळू सरळ कुंदनशी बोलू लागली. येता-जाता चंद्रकुमार यांना रामराम घालायची आणि आत जायची. हा रामराम त्यांना फार लागायचा. देवळाबाहेर बसलेल्या म्हाताऱ्याला घालतात तसला तो होता. आपलं आयुष्य आता असंच दारात संपणार, ही भीती त्यांच्या पोटात घर करून बसली होती. ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. बढाई मारणाऱ्या माणसाची हीच पंचाईत असते, भीती सांगायला त्याच्याकडे तोंड नसतं.

पण रोगाचं मूळ शोधायची सवय जाते कुठे? एका सकाळी दारात बसल्या बसल्या त्यांनी निदान केलं. पाय तर डॉक्टरने दुरुस्त करून दिला आहे. बिघाड पायात नव्हताच, बिघाड फरशीत आहे. फरशी दुरुस्त झाली की ललिताबाईंच्या अटीला अर्थ उरत नाही, कारण माणूस पडणारच नाही.

कुंदनने विचारलं, “मामीले इचारलं काय?”

“फरशी मामीची हाय काय?” चंद्रकुमार म्हणाले, आणि विषय संपला.

मग शोध सुरू झाला. गुड्डीला फोन केला. तिने नागपूरहून व्हिडिओ पाठवले. त्यात परदेशातली गॅरेजं होती, फरशी अशी चकाकणारी की तिच्यात छताचे दिवे मोजता यावेत. चंद्रकुमार पाहतच राहिले. जुनी हौस उसळून वर आली. इपॉक्सी नावाचा दोन डब्यांचा माल असतो, एकात एक मिसळला की दगडासारखा होतो, त्याच्यावर तेल सांडलं तर फडक्याने पुसलं जातं, एवढं त्यांनी दोन दिवसांत पाठ केलं आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ते दुसऱ्यांना शिकवू लागले.

भंडाऱ्याला त्यांचे जुने मित्र भैयाजी यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. एसटीने तिथे गेले. भैयाजींनी आधी फरशीचा साधा रंग दाखवला, ब्रशने मारा आणि मोकळे व्हा म्हणाले. चंद्रकुमार यांनी डबा फिरवून पाहिला आणि परत ठेवला. गरम टायर उभं राहिलं की हा रंग टायरला चिकटून घरी जातो, हे त्यांनी एका ओळखीच्या शोरूममध्ये पाहिलं होतं. मग भैयाजींनी अंगणात बसवतात तसल्या खरबरीत टाइल्स सुचवल्या. ट्रॅक्टरचा जॅक एका टाइलवर उभा राहिला की तिचे चार तुकडे होतील आणि सांध्यांमध्ये तेल जाऊन बसेल, म्हणून त्याही बाद झाल्या. शेवटी भैयाजींनी हात टेकले आणि जीवनचा नंबर दिला. जीवन हा भंडाऱ्याचाच, राइस मिलच्या आणि औषधांच्या गोदामांच्या फरश्यांना इपॉक्सी करणारा. बोलण्यात तो चंद्रकुमार यांना पुरून उरणारा निघाला. पहिल्याच दिवशी दोघांनी एकमेकांना आपापली कर्तबगारी ऐकवली आणि दोघांनाही दुसरा माणूस जरा जास्तच बोलतो असं वाटलं.

जीवनने गॅरेज पाहिलं, फरशीवर पाणी शिंपडलं. पाणी मुरलं नाही, थेंब थेंब होऊन पडून राहिलं. म्हणजे आत तेल भरलेलं होतं. आधी सोड्याने घासून घासून तेल काढायचं आणि मग मशीनने वरची साय उतरवायची, असं त्याने सांगितलं. मग प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी फरशीला चिकटवला आणि उद्या पाहू म्हणाला. दुसऱ्या दिवशी कागदाखाली आतून दवासारखं पाणी जमलं होतं. चंद्रकुमार यांना कारण शोधायला वेळ लागला नाही. भिंतीपलीकडे हिरालालची बांधी, आणि हिरालालने यंदा उन्हाळी धान लावलं होतं. बांधीतलं पाणी खालून मुरत गॅरेजपर्यंत येत होतं. वरून कितीही भारी थर दिला तरी खालून ओल आली की तो पापडासारखा उचलतो, असं जीवन म्हणाला. तेव्हा हिरालालचं धान कापून होईपर्यंत थांबायचं ठरलं. चंद्रकुमार रोज भिंतीवरून त्या धानाकडे असे बघत की हिरालालला वाटलं, यांच्या मनात हद्दीचा काही वाद आहे. त्याला बोलावून चहा पाजून समजूत घालावी लागली.

त्या मधल्या दिवसांत खरी निवड झाली. जीवनने नमुन्यासाठी सिमेंटच्या तीन फळ्या तयार करून आणल्या. एक गुळगुळीत, आरशासारखी, व्हिडिओतल्यासारखी. बाकी दोन फळ्यांवर थर ओला असताना रेती पेरून वरून पुन्हा एक हात दिलेला. या दोन फळ्यांवरून चंद्रकुमार आणि जीवनचं वाजलं. जीवन पिशवीबंद गारगोटीची रेती आणणार होता. चंद्रकुमार म्हणाले, वैनगंगेच्या रेतीवर अख्खं नागपूर उभं आहे, तिथे तुझ्या पिशवीतल्या रेतीचं काय कौतुक? म्हणून जीवनने एक फळी नदीच्या रेतीची केली आणि एक आपल्या रेतीची.

तिन्ही फळ्या अंगणात ठेवल्या. कुंदनने वर जळकं ऑइल ओतलं, त्यावर साबणाचं पाणी. चंद्रकुमार यांनी आधी आरशासारखी फळी निवडली, कारण मन तिच्यावरच होतं. काठीचं रबर तिच्यावर टेकवलं आणि जरा भार दिला. काठी अशी सटकली की कुंदनने मागून कंबर धरली नसती तर दुसरा खुबाही गेला असता. चंद्रकुमार तिथल्याच ओट्यावर बसले. पहिली फरशीसुद्धा आपणच अशी चकाकती करून घेतली होती, आपल्याच हौसेवरून आपण घसरलो होतो, आणि इतकं होऊनही पुन्हा तीच निवडत होतो. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात फारशी घडलेली नव्हती. फळीचा आवाज घरात गेला असेल का म्हणून त्यांनी मागे पाहिलं. ललिताबाई दिसल्या नाहीत.

मग उरलेल्या दोन. नदीची रेती गोल, पाण्याने घासून घासून गुळगुळीत झालेली. तिच्यावर काठी थांबली, पण जरा सरकून थांबली. जीवनच्या टोकदार रेतीवर काठी टेकवली तिथेच राहिली. चंद्रकुमार यांनी पुन्हा पुन्हा टेकवून पाहिली. “नागपूर उभं राहाले ठीक हाय,” ते शेवटी म्हणाले, “मले उभं राहाले हे पाहिजे.” हार मान्य करायची त्यांची ही पद्धत होती. मात्र लगेच पुढे त्यांनी आपलं डोकं चालवलं. सगळीकडे खरबरीत नको, जिथे इंजिन खोलायचं तो एक कोपरा जरा मऊ ठेवायचा, नाहीतर बेअरिंगमधली गोळी पडली तर रेतीच्या दाण्यांत सापडणार नाही. जीवनने हे आधी कुठे केलेलं नव्हतं, पण ऐकल्यावर आपल्यालाच सुचल्यासारखी मान डोलावली.

हिरालालचं धान कापून झालं. मे महिन्याचं ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. या उन्हात माल बादलीत मिसळला की हातातच तापून गोठतो, म्हणून जीवन आणि कुंदन पहाटेच कामाला लागत. मशीनने फरशी घासली तेव्हा आतून करडं, कोरं सिमेंट निघालं. चंद्रकुमार दारातून ते बघत होते आणि त्यांना आपलं तरुणपण दिसल्यासारखं झालं. पहिला पातळ हात फरशीने पिऊन घेतला. दुसऱ्या दिवशी जाड थर ओतला. जीवन खिळ्यांचे जोडे घालून त्या ओल्या थरावर चालत होता आणि दातेरी पट्टीने तो पसरवत होता, मागून कुंदन रेती पेरत होता. कुंदनला बियाणं फोकायची सवय, रेती पण त्याने तशीच फोकली, मूठ एकसारखी फिरवत. चंद्रकुमार दारातून ओरडून ओरडून इथे पातळ पडली, तिथे जाड पडली असं सांगत होते. कोणी ऐकत नव्हतं आणि काम उत्तम होत होतं. मध्ये कुंदनला कोणाचा तरी फोन आला, तो दोन वाक्यं बोलला, तेवढ्यात बादलीतला माल धूर सोडून दगड झाला. ती बादली अजून गॅरेजमागे आहे, तिच्यावर कोंबडी बसते.

शेवटी वरचा हात दिला. सकाळी काम संपलं. जीवनने जाताना बजावलं की आठवडाभर चाक आणायचं नाही, दोन दिवस पाय ठेवायचा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. पाणी लागलं तर वरचा हात पांढरा पडेल आणि नरम राहील. चंद्रकुमार यांनी हे कुंदनला तीनदा सांगितलं. टपरीवर सांगितलं. हिरालालला भिंतीवरून सांगितलं. दूध घ्यायला आलेल्या बाईला थांबवून सांगितलं. गावभर सांगितलं, फक्त घरात सांगितलं नाही, कारण घरात गॅरेजचा विषय निघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते काठी टेकत पुढे आले. शटर अर्धं वर होतं. वाकून आत पाहिलं आणि तसेच उभे राहिले.

आत बांधी भरली होती. दारात मातीची पाळ घातलेली, हाताने थापून नीट केलेली. कडेच्या खड्ड्याभोवती, ज्यात उतरून ट्रॅक्टर खालून पाहतात, त्याभोवतीही तशीच पाळ. आणि त्यांच्या नव्या फरशीवर घोट्याएवढं पाणी, निवांत, शटरखालून येणाऱ्या उजेडात चमकत होतं. जिथे सकाळचं ऊन पडायचं तिथे ओली गोणपाटं अंथरलेली होती.

चंद्रकुमार यांनी कुंदनच्या नावाने जी हाक मारली ती बाजारापर्यंत गेली असेल. कुंदन डोळे चोळत आला, पाणी पाहून त्याची झोप उडाली. चंद्रकुमार यांनी त्याची अक्कल, त्याचा फोन, त्याचं शिक्षण, सगळं काढलं. तो शपथा घेत होता. तेवढ्यात मागच्या अंगणातून ललिताबाई बादली घेऊन आल्या. पदर खोचलेला, पायाला माती. त्या पाळीपाशी थांबल्या आणि बादली आत रिकामी केली, जशी रोज दारापुढची तुळस भिजवावी तशी.

“रातच्यानं बरंच आटलं,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी दोघांकडे पाहिलं आणि यात समजण्यासारखं काय नाही अशा सुरात सांगितलं, “नवी फरशी हाय. तराई नाही केली तं तडकन. हे घर बांधलं तव्हा सलापवर कोन पानी मारे? मीच मारलं ना. उन्हाचे दिवस हाय, तुमाले कोनालेच ध्यान नाही.”

तराई. सिमेंटचं काम झालं की रोज पाणी द्यायचं, पाळी घालून पाणी साठवायचं, म्हणजे ते पक्कं होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. ही फरशी पाण्यावाचून पक्की होते, ही गोष्ट ललिताबाईंना कोणी सांगितली नव्हती आणि स्वतःहून कोणाच्या मनात आली नसती.

कुंदन बोलायला तोंड उघडत होता. चंद्रकुमार यांनी हाताने त्याला थांबवलं.

“पन तू तं म्हनत होती,” ते ललिताबाईंना म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता, “मी आत पाय नाही ठेवाचा. मंग ही कायले पक्की कराची?”

ललिताबाईंनी बादली खाली ठेवली.

“तुमी ठेवालच,” त्या म्हणाल्या. “तुमचं ऐकनं मले ठाऊक नाही काय? ठेवाल तं ठेवाल. पन खाली पक्कं असलं पाहिजे ना.”

एवढं बोलून त्या गोणपाट सारखं करायला वाकल्या. चंद्रकुमार त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. इतके महिने त्यांना वाटत होतं की ही बाई शटर खाली ओढायची वाट पाहते आहे. आणि ती आदल्या संध्याकाळी, कोणाला न सांगता, गॅरेजच्या आत जाऊन, दुखऱ्या गुडघ्यांवर बसून खड्ड्याभोवती पाळ थापत होती. त्यांचा राग कुठे गेला ते त्यांनाही कळलं नाही. बोलण्यात कधी न अडणारा माणूस नुसता खाकरला.

मग त्यांनी सांगितलं. हळू आवाजात सांगितलं की या फरशीला तराई चालत नाही, चूक तिची नाही, आपण सगळ्या गावाला सांगितलं आणि तिलाच सांगितलं नाही. ललिताबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पाळ स्वतःच्या पायाने फोडली आणि त्या घरात गेल्या.

पाणी काढल्यावर पाहिलं तर अर्ध्या फरशीवर पांढरे चट्टे पडले होते, बोट टेकवलं तर चिकट लागत होतं. जीवनला फोन झाला. तो आला, बसून नखाने खरवडून पाहिलं, खालचा रेतीचा थर शाबूत आहे म्हणाला, वरचा हात मात्र घासून पुन्हा द्यावा लागेल. आणि मग त्याने विचारलं की एवढं सांगूनही पाणी टाकणारा हा शहाणा कोण?

“मीच टाकलं,” चंद्रकुमार म्हणाले. “सवयीनं.”

कुंदन त्यांच्याकडे बघतच राहिला. आपल्या हातून चूक झाली असं मामा म्हणतात, हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. जीवन पोट धरून हसला. जाताना टपरीवर चहा घेतला, तिथे सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. ज्याने सगळ्या गावाला पाणी लावू नका म्हणून बजावलं त्यानेच गॅरेजात बांधी भरली. येणारा-जाणारा विचारायचा, चंद्रकुमारभाऊ, रोवणी कधी? धान कोणतं लावलं? ते दारात बसून ऐकून घ्यायचे. एरवी एका वाकड्या शब्दाला दहा सरळ शब्द ऐकवणारा माणूस नुसता हसायचा. जीवनने फरशी घासली, वरचा हात पुन्हा दिला आणि या वेळी शटरला कुलूप लावून चावी कुंदनच्या खिशात घातली. फरशी पक्की झाली. पण ललिताबाई पुन्हा त्या बाजूला फिरकल्या नाहीत, आणि चंद्रकुमार यांनीही अजून आत पाय ठेवला नव्हता. फरशी पक्की आहे हे त्यांना माहीत होतं. अट मोडून जायचं आता त्यांच्याच मनात येत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी ललिताबाई भाजी घ्यायला गेल्या. तिथे वांगी मोजून देणाऱ्या बाईने हसत हसत विचारलं की तुमच्या घरच्या माणसाने गॅरेजात धान लावलं म्हणतात, खरं का? ललिताबाईंना आधी काही समजलं नाही. मग बाईने ऐकलेली सगळी गोष्ट सांगितली. ललिताबाईंनी वांगी घेतली आणि वाटेत कुठे न थांबता परत आल्या.

गॅरेजपाशी आल्या तेव्हा चार माणसं उभी होती. हिरालाल होता, हार्वेस्टरचा पट्टा घेऊन आलेले दोघे होते, आणि फरशीचे उरलेले पैसे न्यायला आलेला जीवन होता. आपलं काम दाखवायची हौस जीवनलाही होतीच. त्याने कुंदनकडून डबाभर जळकं ऑइल आणवलं होतं आणि मधोमध ओतून घेतलं होतं, वरून बादलीभर पाणी. काळं, इंद्रधनुष्यासारखे रंग मारणारं तेल फरशीवर पसरलं होतं. आता बघा, तो म्हणत होता, यात कोणी घसरून दाखवा. चंद्रकुमार दारात काठीवर हात ठेवून बसले होते.

ललिताबाईंनी पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत अनवाणी शटरखालून आत गेल्या. कुंदन “मामी, मामी” करत पुढे झाला. त्या थेट तेलात गेल्या, मधोमध थांबल्या, एक पाय आपटून पाहिला, मग दुसरा. पाय जागचा हलला नाही. मग वळून त्यांनी बाहेरच्या माणसांकडे पाहिलं. त्यांनी आवाज चढवला नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

“तराई यायनं नाही केली,” त्या चंद्रकुमार यांच्याकडे मान करून म्हणाल्या. “मी केली होती. हसाचं असन तं मले हसा.”

हिरालालने डोक्यावरचा दुपट्टा उगाच सारखा केला. जीवन ओशाळून चंद्रकुमार यांच्याकडे पाहू लागला.

चंद्रकुमार खुर्चीतून उठले. उंबऱ्याशी आले, चपला काढल्या आणि थांबले. अख्ख्या आयुष्यात त्यांनी या गॅरेजात जायला कोणाला विचारलं नव्हतं.

“येऊ काय?” त्यांनी विचारलं.

“या,” ललिताबाई म्हणाल्या.

त्यांनी काठी आत टेकवली, मग चांगला पाय ठेवला, मग ऑपरेशनचा. तेल तळव्यांखाली चिकचिकलं, खाली रेतीचे दाणे लागले. मध्यावर यायच्या जरा आधी दुखरा पाय नेहमीसारखा फरफटला. मागून कुंदन धरायला पुढे झाला. फरशीने पाय धरून ठेवला. ललिताबाई त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हत्या, त्यांची नजर पायांवर होती, शेवटच्या पावलापर्यंत.

ते त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. ललिताबाईंचा हात, पडलेच तर धरायला म्हणून, पुढे आलेला होता आणि तसाच राहिला होता. अड्याळात नवराबायको चारचौघांत एकमेकांचा हात धरत नाहीत. पडायची भीतीही आता उरली नव्हती, आणि धरायची काही गरज नव्हती. चंद्रकुमार यांनी काठी कुंदनकडे दिली आणि तो हात धरला.